समतुल्य : सारख्या यंत्रांतून निवड करण्याची रीत

रब्बीच्या पेरणीआधी ज्वारीचे बियाणे घ्यायला निघालेला शेतकरी आणि दिवाळीच्या खरेदीत घरच्या सिनेमासाठी ध्वनियंत्र घ्यायला निघालेला गृहस्थ, या दोघांपुढचा प्रश्न एकाच जातीचा आहे. समोर चार-पाच पर्याय असतात. सगळे दिसायला जवळजवळ सारखे, किमतीत थोडेफार अंतर, आणि प्रत्येकाच्या पिशवीवर किंवा खोक्यावर मोठ्या अक्षरात एक आकडा. शेतकऱ्यासाठी तो आकडा एकरी क्विंटलचा, गृहस्थासाठी वॉटचा. दोघांनाही घरी नेऊन वापरून पाहिल्याशिवाय खरे काय ते कळणार नाही, आणि वापरून पाहिल्यावर परत करता येणार नाही.

फरक एवढाच, की शेतकऱ्याच्या मदतीला शंभर वर्षांचे एक शास्त्र उभे आहे आणि गृहस्थाच्या मदतीला फक्त दुकानदार. राहुरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हे चटकन जाणवते, कारण १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे. 'हा वाण त्या वाणापेक्षा सरस' असे म्हणण्याआधी कोणती कसोटी लावायची, हा तिथला रोजचा व्यवहार आहे. त्या शेतातली कसोटी दिवाणखान्यात आणता येईल का, आणि आणली तर हाती काय लागते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

रिसीव्हर म्हणजे काय

ज्याला इंग्रजीच्या वळणाने आपण 'होम थिएटर रिसीव्हर' म्हणतो, तो तीन कामे करणारा एकच डबा असतो. पहिले काम द्वारपालाचे : डिश, सेट टॉप बॉक्स, खेळाचे यंत्र, पेन ड्राइव्ह अशा अनेक ठिकाणांहून येणारे चित्र आणि आवाज घ्यायचे, चित्र टीव्हीकडे पाठवायचे. दुसरे काम दुभाष्याचे : डॉल्बी, डीटीएस अशा सांकेतिक रूपात बांधलेला आवाज उलगडून पुढचा, मधला, बाजूचा, वरचा असा वेगळा करायचा. तिसरे काम हमालाचे : प्रत्येक स्पीकरला हलवण्याइतकी वीज पुरवायची. 'रिसीव्हर' हे नाव रेडिओच्या काळातले. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये रेडिओही बसवलेला असे त्याला रिसीव्हर म्हणत. रेडिओ मागे पडला, नाव राहिले.

नावांचा असाच एक गंमतीदार प्रवास 'डॉल्बी' या शब्दाचा. आपल्याकडे डॉल्बी म्हटले की मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवर रचलेली कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढे येते. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला ते रे डॉल्बी (१९३३-२०१३) मात्र नको असलेला आवाज कमी करण्यासाठी प्रसिद्ध झाले. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते. तिथून लंडनला जाऊन १९६५ साली त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली आणि टेपमधली खरखर दाबून टाकणारी पद्धत जगाला दिली. ज्याने आवाजातला कचरा काढला, त्याच्याच नावाने आपण कानठळ्यांना ओळखू लागलो. यंत्राचे नाव आणि यंत्राचा गुण यांची फारकत किती सहज होते, याचा हा नमुना. आकड्यांचेही तसेच होते.

सगळ्यात मोठे कणीस

१९९०च्या दशकात ज्यांनी टू-इन-वन किंवा म्युझिक सिस्टिम घेतली, त्यांना 'पीएमपीओ' ही चार अक्षरे आठवत असतील. हातात उचलून नेता येईल एवढ्या प्लास्टिकच्या डब्यावर 'हजार वॉट' लिहिलेले असे. क्षणभरासाठी, आदर्श परिस्थितीत, आवाज फाटतो की राहतो याचा विचार न करता जी काही ताकद निघेल असे गणित मांडता येते, तो हा आकडा. त्याला कोणतेही एकच मान्य मोजमाप नव्हते. शेताच्या भाषेत सांगायचे तर वावरातले सगळ्यात मोठे कणीस मोडायचे, त्याचे वजन करायचे, एकरातल्या ताटांच्या संख्येने गुणायचे आणि ते उत्पादन म्हणून पिशवीवर छापायचे.

ही खोड फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ॲम्प्लिफायरसाठी वेगळा नियम केला आणि ५० वर्षांनी, २०२४ साली, तो पुन्हा घट्ट केला. नियमाचा गाभा साधा आहे : ताकद सांगताना कोणत्या अटींवर मोजली तेही सांगा.

आजच्या चांगल्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात पीएमपीओ नसते. पण एकाच यंत्राचे दोन-तीन वॉट असतात, आणि गोंधळ तिथे होतो. एका ओळीत लिहिलेले असते : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्के विकृती. त्यापुढचा आकडा ८० किंवा ९५ असा असतो. दुसऱ्या ओळीत : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल चालू, १० टक्के विकृती. इथला आकडा थेट दीडशेच्या वर जातो. यंत्र तेच, अटी बदलल्या. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज स्पष्टपणे फाटलेला. त्या अवस्थेतली ताकद कुणाच्या उपयोगाची नाही. दोन यंत्रांची तुलना करायची तर पहिल्या प्रकारची ओळ पहिल्या प्रकारच्या ओळीशीच ताडून पाहावी. बागायती वाणाचे उत्पादन कोरडवाहू वाणाशी ताडायचे नसते, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही.

आणखी एक गणित. ९५ वॉटचे सात चॅनल म्हणजे ६६५ वॉट. यंत्रात काही ऊर्जा उष्णता होऊन जाणारच, म्हणजे भिंतीतून हजार वॉटच्या पुढे वीज ओढावी लागेल. घरगुती रिसीव्हर सातही चॅनल एका वेळी पूर्ण ताकदीने, सतत चालावेत म्हणून बांधलेलाच नसतो. चित्रपटातही तसे होत नाही. म्हणून 'दोन चॅनल चालू' हे शब्द वाचायचे आणि त्यापुढच्या आकड्याला सातने गुणायचे नाही.

पंधरा वॉटचे मोल

आता एक प्रत्यक्ष जोडी घेऊ. डेनॉन कंपनीचे एव्हीआर-एक्स १८०० एच आणि एव्हीआर-एक्स २८०० एच हे दोन रिसीव्हर शेजारी ठेवले तर सहज ओळखू येणार नाहीत. दोन्ही सात चॅनलचे, दोन्हींत खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी ऑडिसीची एकाच पायरीची प्रणाली. पहिला ८० वॉटचा, दुसरा ९५ वॉटचा, दोन्ही आकडे वरच्या पहिल्या प्रकारच्या अटींवरचे. पहिल्याला चित्र बाहेर नेणारी एचडीएमआय जोडणी एक, दुसऱ्याला दोन. किमतीत मात्र चांगले अंतर. दुकानदार पहिल्यांदा बोट ठेवतो ते १५ वॉटवर.

हे १५ वॉट कानाला किती? आपला कान बेरजेने ऐकत नाही, पटीने ऐकतो. म्हणून आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. 'दुप्पट मोठा झाला' असे माणसाला वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ८० चे ९५ वॉट म्हणजे जेमतेम पाऊण डेसिबल. रिमोटवर आवाजाचे बटण एक-दोन वेळा दाबल्याने होतो तेवढा बदल. त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजायची का, हे ज्याने त्याने ठरवावे.

उलट स्पीकरच्या माहितीपत्रकातली एक दुर्लक्षित ओळ पाहा : संवेदनशीलता. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. कुणाचा ८८, कुणाचा ९१. तीनच अंकांचा फरक, पण तो दुप्पट ताकदीच्या ॲम्प्लिफायरइतका आहे. ८८चा स्पीकर ८० वॉटवर जे करील ते ९१चा स्पीकर ४० वॉटवर करतो.

मग घरात लागतात तरी किती वॉट? चित्रपटगृहाच्या प्रमाणानुसार एका चॅनलचा कमाल आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो. ८८च्या स्पीकरपासून तीन मीटरवर बसून, भिंतींची मदत न धरता, तो मिळवायला साडेचारशेच्या आसपास वॉट लागतील. हा आकडा ऐकून कुणी घाबरेल. पण घरात कुणी त्या पातळीवर ऐकत नाही. त्याहून १५ डेसिबल खाली आलो, म्हणजे कमाल आवाज ९० डेसिबल धरला, की तेच गणित १४ वॉटवर येते. संवादाच्या वेळी तर एका वॉटचा काही भागच खर्च होत असतो. शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. ८० असोत की ९५, यातले बहुतेक वॉट आयुष्यभर राखीव दलासारखे बसून राहणार.

चहाचे आठ पेले आणि पाटाच्या तोंडचा वाफा

'पण ऐकल्यावर फरक कळतो', असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना फरक खरोखर जाणवलेला असतो. तो यंत्रातला की मनातला, हे ओळखायची रीत शेतीशास्त्रानेच घालून दिली आहे.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. पेल्यात आधी दूध घातले की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते असा तिथल्या एका बाईंचा दावा होता. फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या प्रयोगरचनेवरच्या ग्रंथात या दाव्याची परीक्षा मांडली. आठ पेले, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याच्या ७० तऱ्हा आहेत. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. एवढ्यावर अचूक उत्तर आले तर दावा मानायला हरकत नाही.

याच विचारातून शेतातल्या चाचणीची रचना उभी राहिली. दोन वाण दोन वाफ्यांत लावले आणि एकाचे पीक जास्त आले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. एखादा वाफा पाटाच्या तोंडाशी असेल, त्याला पाणी जास्त मिळाले असेल. एखाद्या कडेला जमीन खोल असेल. म्हणून प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा लावायचा, कोणता कुठे हे चिठ्ठ्यांनी ठरवायचे, आणि शेजारी ओळखीचा जुना वाण तुलनेसाठी ठेवायचा. ही विद्या भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत : विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. या दोघांचा शेती संशोधकांसाठीचा संख्याशास्त्रावरचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला. कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या तो 'पानसे-सुखात्मे' या जोडनावानेच ओळखला गेला.

ध्वनियंत्रांच्या तुलनेत 'पाटाच्या तोंडचा वाफा' कोणता? आवाजाची पातळी. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठे वाजत असले, तरी ऐकणाऱ्याला ते 'मोठे' वाटत नाही, 'जास्त भरदार', 'जास्त स्वच्छ' वाटते. दुकानात ज्या यंत्राचे बटण किंचित पुढे असते ते जिंकते. दुसरे असेच कारण म्हणजे किंमत माहीत असणे. महाग यंत्राकडे पाहत ऐकताना कान आधीच झुकलेला असतो.

म्हणून कसोटी अशी. दोन्ही यंत्रे एकाच स्पीकरला आलटून पालटून जोडता येतील असा स्विच हवा, कारण तारा काढून घालण्यात दोन-चार मिनिटे गेली की आधीच्या आवाजाची बारीक आठवण पुसून जाते. स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून दोन्हींचा व्होल्टेज एकाच सुरावर सारखा करायचा. दोन टक्क्यांच्या आत आला की पातळीतला फरक ०.२ डेसिबलच्या खाली जातो. खोली-दुरुस्ती, बास वाढवणे वगैरे दोन्हींत बंद. यंत्रांवर कापड. कोणते चालू आहे ते नाणे उडवून दुसऱ्याच माणसाने ठरवायचे, आणि शक्यतो ऐकणाऱ्याला त्याचा चेहरा दिसू नये. असे १६ वेळा करायचे. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी आहे. बारा आली तर फरक ऐकू येतो असे मानावे. आठ-नऊ आली तर नाणे उडवणे आणि ऐकणे यांत अंतर उरले नाही.

असे प्रयोग झालेले आहेत. जानेवारी १९८७ च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकात अशी एक परीक्षा प्रसिद्ध झाली. सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे पातळी सारखी करून, नाव झाकून ऐकवली गेली. ऐकणाऱ्यांत यंत्रांमध्ये फरक असतोच असे मानणारेही होते. एकूण उत्तरे अंदाजाच्या जवळपासच राहिली. याचा अर्थ सगळी यंत्रे सगळ्या बाबतींत सारखी, असा नाही. कुवतीबाहेर ताणले, ४ ओहमचा जड स्पीकर जोडला, तर फरक पडतोच. अर्थ एवढाच, की नीट बांधलेली, आपल्या मर्यादेत चालणारी यंत्रे नुसत्या वीज पुरवण्याच्या कामात कानाला वेगळी ठरत नाहीत.

गोधडीचे विज्ञान

मग घराघरांत आवाज इतका वेगळा का येतो? कारण आपण यंत्र ऐकत नाही, खोली ऐकतो.

आपल्याकडच्या आजच्या घराचा दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा : १५ फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, चारही बाजूंना प्लास्टर. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून अशाच एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक गादी वाढवत न्यायची, ऑर्गनचा सूर वाजवून थांबवायचा आणि घुमारा विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचे, हा त्यांचा प्रयोग. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात : खोलीचे घनमीटरमधले आकारमान ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचे.

आपल्या खोलीचे आकारमान सुमारे ५१ घनमीटर. फरशी, स्लॅब आणि भिंती मिळून सुमारे ८४ चौरस मीटर पृष्ठभाग, आणि तो आवाजाचा तीनेक टक्केच भाग गिळतो असे धरू. शोषण अडीच. उत्तर येते सव्वातीन सेकंद. एक शब्द उच्चारला की तो पुढचे आठ-दहा शब्द होईपर्यंत खोलीत भटकत राहतो. आता जाड पडदे, सोफा, सतरंजी, भिंतीवर पुस्तकांचे कपाट आणि चार माणसे यांनी शोषणात दहाची भर घातली असे समजू. उत्तर होते पाऊण सेकंदाहून कमी. संवाद स्पष्ट कळायला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा घुमारा चांगला. म्हणजे भिंतीवर लावलेली एक जाड गोधडी आणि जमिनीवरचे जाजम संवादाच्या बाबतीत जे करतील, ते वरच्या पायरीचा रिसीव्हर करणार नाही. मातीच्या भिंती, धाब्याचे छप्पर आणि सामानाने भरलेल्या जुन्या घरात साधा रेडिओ गोड का वाटे, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

खालच्या सुरांचे गणित वेगळे. १५ फुटांच्या लांबीत ३७-३८ हर्ट्झचा, १२ फुटांच्या रुंदीत ४७चा आणि १० फुटांच्या उंचीत ५६चा सूर अडकून घुमतो. म्हणून एका कोपऱ्यात ढोल छातीत बसतो आणि मधल्या खुर्चीवर तो नाहीसा होतो. यावर गोधडी चालत नाही. सबवूफरची जागा बदलून पाहणे आणि रिसीव्हरमधली खोली-दुरुस्तीची सोय, हे दोन इलाज. सोबत आलेला छोटा माइक बसण्याच्या जागी ठेवून यंत्र स्वतःच खोली मोजते. या दुरुस्तीच्या प्रणाली मात्र यंत्रायंत्रांत खरोखर वेगळ्या असतात, आणि त्यांतला फरक ऐकू येतो. दोन सारख्या यंत्रांत तुलना करायचीच तर वॉटच्या आधी ही ओळ पाहावी.

घरातले सगळ्यात म्हातारे कान

घरच्या सिनेमाचा खर्च बहुधा तरुण मुलगा करतो आणि तक्रार आई-वडील करतात : आवाज मोठा आहे, पण काय बोलतात ते कळत नाही. ही तक्रार शास्त्रशुद्ध आहे. वय वाढते तशी आधी वरच्या सुरांची ऐकण्याची शक्ती घटते. स्वर खालच्या सुरांत असतात, ते ऐकू येत राहतात. व्यंजनांची ओळख वरच्या सुरांत असते, ती पुसते. 'साप' आणि 'शाप', 'ताट' आणि 'थाट' एक होऊ लागतात. अशा वेळी एकूण आवाज वाढवला की स्फोट आणि पार्श्वसंगीत वाढते, व्यंजने तिथेच राहतात.

यावर रिसीव्हर खरोखर उपयोगी पडतो. ५.१ च्या मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनलमध्ये असतात. तो चॅनल दोन-तीन डेसिबलने वाढवायचा, मोठ्या-लहान आवाजांतले अंतर कमी करणारी रात्रीची सोय चालू करायची, आणि मधला स्पीकर कपाटात कोंबण्याऐवजी बसणाऱ्याच्या कानाच्या दिशेने वळवायचा. यातले काहीही वॉटवर अवलंबून नाही. सात चॅनल घ्यायचे आणि त्यांतले दोन स्पीकर जागेअभावी कधीच लावायचे नाहीत, यापेक्षा तेच पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत. घरातले सगळ्यात म्हातारे कान ज्या यंत्रावर समाधानी, ते यंत्र सगळ्या घराला चालते.

समतुल्य ठरल्यावर

शेती संशोधनाच्या अहवालात एक शब्द वारंवार येतो : 'समतुल्य'. चाचणीत दोन वाणांच्या उत्पादनातला फरक योगायोगाच्या कक्षेतच राहिला, तर त्यांतला एक सरस आणि दुसरा निकृष्ट म्हणत नाहीत, समतुल्य म्हणतात. फरक सापडला नाही, हाही निष्कर्षच असतो, आणि तो फार मोकळे करणारा असतो. कारण उत्पादनाचा प्रश्न मिटला की इतर प्रश्न विचारता येतात. कडबा किती? भाकरी कशी? खोडमाशी, खडखड्या यांना टिकतो का? बियाणे वेळेवर मिळेल का? आणि सगळ्यांत आधी, माझी जमीन कोणती? राहुरी विद्यापीठाच्या रब्बी ज्वारीच्या शिफारशी याच अंगाने जातात. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, भारी आणि बागायतीला फुले रेवती. 'सर्वोत्तम ज्वारी' असा वाण त्या यादीत नाही. मोहोळला निवडलेली जुनी मालदांडी ३५-१ अजूनही शेतकऱ्यांनी सोडलेली नाही, ती उत्पादनापेक्षा कडब्यासाठी आणि भाकरीच्या चवीसाठी.

रिसीव्हर समतुल्य ठरले की असेच प्रश्न विचारावेत. पुढच्या पाच वर्षांत घरात काय काय जोडले जाणार? टीव्हीशिवाय प्रोजेक्टरही लावायचा असेल तर चित्र बाहेर नेणाऱ्या दोन जोडण्या खऱ्या कामाच्या, आणि मग महाग यंत्राचे पैसे वसूल आहेत. फक्त टीव्ही असेल तर ती दुसरी जोडणी कायम झाकलेलीच राहील. टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे परत आणणारी ईआर्क ही सोय टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत आहे का? अगदी नव्या सोयीसाठी घाई करायची का? २०२० च्या सुमारास आलेल्या पहिल्या पिढीच्या काही रिसीव्हरांत सेकंदाला १२० चित्रांचा नवा संकेत नीट पुढे जात नव्हता आणि कंपन्यांना नंतर उपाय द्यावे लागले. नवा वाण पहिल्याच हंगामात सगळ्या रानात लावत नाहीत, त्यातले शहाणपण इथेही लागू आहे.

मग दुरुस्ती. पुणे राहुरीहून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. दहा किलोचे यंत्र बिघडल्यावर ते कोण नेणार, कुठे नेणार, हे घेण्याआधी विचारावे. भारतातली वॉरंटी आहे का, बिलावर अनुक्रमांक आहे का, हे पाहावे. परदेशातून कुणाच्या सामानात आलेले स्वस्त यंत्र इथल्या २३० व्होल्टवर चालेल का आणि इथले सेवाकेंद्र ते हातात घेईल का, हेही. मालाचा दर्जा आणि प्रमाण यांची माहिती मिळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. 'हे ९५ वॉट कोणत्या अटींवरचे?' असे विचारणे म्हणजे दुकानदाराशी वाद घालणे नव्हे.

शेवटी उन्हाळा आणि वीज. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. काचेच्या बंद शोकेसमध्ये बसवलेला रिसीव्हर स्वतःच्याच उष्णतेने लवकर म्हातारा होतो. वर आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडली तर यंत्राचे आयुष्य वाढते, आणि त्याला काही खर्च नाही. व्होल्टेज वरखाली होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

हे सारे धरून क्रम लावायचा तर तो असा होतो : आधी खोली, मग स्पीकर, मग जोडण्या आणि चॅनल, मग खोली-दुरुस्ती, मग सेवा आणि हवा, आणि सगळ्यात शेवटी वॉट. बाजारातले खोके नेमके उलट्या क्रमाने छापलेले असते, कारण खोलीचा आकडा खोक्यावर छापता येत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात असतो. दोन यंत्रे समोर ठेवून 'यांतले चांगले कोणते' असे कुणी विचारले, तर त्याला आधी 'तुमची जमीन कोणती' असे विचारावे.